४०० मीटर, नोंद ९ : शेवटची चार बोटं

मागच्या नोंदीत ८३.१ सेकंदांवर अडकले होते. काल नेहरूनगरच्या स्टेडियमवर ८२.४ आली. घड्याळ पुतणीच्या हातात होतं, त्यामुळे दशांशापुढचं काही म्हणत नाही. पण या खेपेला मला वेळेबद्दल नाही, शेवटच्या दोन पावलांबद्दल लिहायचंय.

चूक पुतणीनेच पकडली. "काकी, शेवटला तू थांबूलालीस!" मला पटेना. मग लेले मैदानावर ६० मीटर मोजून दोन्ही टोकांना फक्की मारली, रेघेशी मोबाईल दोन विटांच्या बेचक्यात उभा केला आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर धाव घेतली. पाऊस नुकता उघडलेला, तांबड्या चिखलात फक्की विस्कटलेली, तरी दिसायचं ते दिसलं. रेघेच्या दोन पावलं अलीकडेच माझी हनुवटी वर, छाती मागे, हात सैल. शर्यत संपली, असं अंगाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

पी. टी. उषा आठवली आणि पोटात कालवलं. लॉस एंजेलिस, १९८४. बायकांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होती. मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल ५४.६१ मध्ये पहिली. तिसरी रुमानियाची कोजोकारू, ५५.४१. उषा ५५.४२. फितीवर छाती झोकायची राहिली, ही खंत तिने स्वतःच बोलून दाखवली आहे. सेकंदाला सात मीटरचा वेग धरला तर सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे सात सेंटीमीटर. मी रेघेवर तळहात आडवा ठेवून पाहिला. चार बोटं. माझ्या मोबाईलमध्ये जेमतेम अडीच फ्रेम.

पण उषाचं नाव निघालं की लोक या हुकलेल्या पदकावरच थांबतात, त्याचा मला राग येतो. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत तिने १००, २००, ४००, ४०० अडथळे आणि ४×४०० रिले अशी पाच सुवर्णं मारली, वर ४×१०० रिलेचं कांस्य. १९८६ ला सोलच्या आशियाई खेळांत आणखी चार सुवर्णं. आणि ते ५५.४२? २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्याच विथ्या रामराजने नेमकी तेवढीच वेळ दिली. तोवर ३९ वर्षं आपल्या देशात त्या आकड्यापर्यंत कुणीच पोचलं नव्हतं!

आता सरावाचं. निकाल धडावर लागतो, डोक्यावर किंवा हातावर नाही, तेव्हा नुसती मान पुढे काढून भागत नाही. रेघेपलीकडे पाच मीटरवर जुनी ओढणी अंथरली आहे आणि धावायचं ते ओढणीपर्यंत. झोक फक्त शेवटच्या पावलाला. पहिल्या आठवड्यात मी तीन पावलं आधीच झुकले, तोल गेला, गुडघा सोलवटला. रविवारी दहांपैकी चार धावा नीट जमल्या. चारही वेळा रेघेवर छाती पुढे होती, फ्रेम थांबवून तपासलं.

खपली धरली की पुन्हा ६० मीटर. थकल्या पायांनी ४०० च्या शेवटी हे जमतं का, ते पुढच्या नोंदीत.