लाल पेनाचं वर्तुळ

मराठवाड्यातल्या लेकराला ‘हुतात्मा’ हा शब्द शिकवावा लागत नाही. सतरा सप्टेंबरच्या भाषणांनी तो कानात बसलेला असतो. निजामाविरुद्धच्या लढ्यात अर्जापूरला मारले गेलेले गोविंदराव पानसरे तर आम्हाला साल-तारखेसकट पाठ.

जानेवारी १९९९. आम्ही दहावीत. ओरिसातल्या मनोहरपूरला गाडीत झोपलेल्या ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांना दोन मुलांसह जाळल्याची बातमी आली. थोरला फिलिप दहा वर्षांचा, धाकटा तिमथी सहा. माझ्या बाकावरचा दोस्त मिशन कंपाउंडमधून यायचा. तो म्हणाला, “हुतात्मे झाले ते.” मागून आवाज आला, “हुतात्मा देशासाठी होतात!”

इतिहासाच्या सरांनी पानिपत अर्धवट सोडलं. (पानिपत ते कधीच सोडत नसत.) “तुमच्यात रक्तसाक्षी म्हणतात ना रे?” त्यांनी दोस्ताला विचारलं. मग म्हणाले, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता साक्षीदार. बायबलमधल्या स्तेफननं येशूबद्दल साक्ष दिली, लोकांनी दगडांनी ठेचला, तेव्हापासून त्या शब्दाला रक्त लागलं. “स्टेन्स मरायला नव्हते गेले. महारोग्यांची सेवा करायला गेले होते, तीही तीसेक वर्षं.”

गृहपाठ मिळाला : असा एक माणूस शोधा.

मी गॉर्डन हॉल शोधला. अमेरिकन मिशनरी, १८१३ मध्ये मुंबईत आलेला. १८२६ साली नाशकाकडे पटकीच्या रोग्यांना औषध वाटलं आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगानं गेला, तोही एका देवळाच्या ओसरीत! मी ऐटीत ‘हुतात्मा’ लिहिलं. सरांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढलं : “मारलं कुणी?”

दोस्तानं घरचाच माणूस घेतला होता. जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण. मिशनऱ्यांकडे राहिलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत कोर्टानं बापाच्या हवाली केला. त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावर मुंबईत रण पेटलं, बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूनं उभे राहिले. नारायणरावांवर कुणी दगड उचलला नव्हता. दोस्तानं लिहिलं होतं, “ते घरच्यांच्या लेखी मेले आणि नंतर अठ्ठेचाळीस वर्षं जगले.”

तिथं सरांनी वर्तुळ काढलं नाही. मला सहा मार्क, त्याला नऊ. पंचवीस वर्षं झाली, पण खरं सांगतो, ते तीन मार्क अजून सलतात.