माझ्यामुळे टीम बाद होते म्हणून

मी प्लँकला (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरायचा व्यायाम) चाळीस सेकंदात पोटावर पडणारी बाई आहे, आधीच सांगून टाकते. एकटीने व्यायाम सुरू केला की चौथ्या दिवशी मॅट कपाटात जाते, आणि त्यानंतर महिनाभर मी ते कपाट उघडायचंच टाळते.

मध्यंतरी एका ॲपमध्ये व्हर्च्युअल पार्टनर मिळाली. स्क्रीनच्या अर्ध्या भागात ती, अर्ध्यात मी, आणि दोघींपैकी जी आधी पडेल तिथे टीमचं घड्याळ बंद. झालं, पहिल्याच दिवशी मी 58 सेकंद टिकले, हात लटलट कापतायत, तोंडाने काय काय बोलतेय, पण पडायची लाज वाटत होती हो!

मग उत्सुकता म्हणून जरा वाचलं तर हे जुनंच निघालं. 1920च्या दशकात ऑटो कोहलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने रोइंग क्लबच्या गड्यांना जोडीने वजन उचलायला लावलं, एक थकला की दोघांचं संपलं असा नियम, आणि त्यात जोडीतला कच्चा गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. पण गंमत अशी की जोडीदार बेताने सरस हवा, अगदी बरोबरीचा किंवा फारच पुढचा असला की हा परिणाम कमी होतो. (लीडरबोर्ड बघून मला कधीच हुरूप का आला नाही ते इथे कळलं, पहिल्या नंबरवरचा माणूस बघून मी फक्त झोपायला जाते.)

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हेच स्क्रीनवर करून बघितलं. 2012 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात एकट्याने व्यायामाची सायकल मारणाऱ्या मुली सरासरी 11 मिनिटांच्या आसपास टिकल्या, पार्टनर नुसती स्क्रीनवर दिसत होती तेव्हा साधारण 20, आणि टीम म्हणून जोडल्यावर 22 मिनिटं. आणि ती पार्टनर लाईव्ह नव्हतीच, आधी शूट केलेला व्हिडिओ! पुढे त्यांनी कॉम्प्युटरने बनवलेले पार्टनरही वापरून बघितले, तेही एकट्यापेक्षा बरे ठरले, फक्त खऱ्या माणसाइतके नाहीत.

स्वतःच्याच जुन्या टायमिंगशी शर्यत लावायची सोय असते ना, तीही वापरली मी, पण मागच्या आठवड्यातल्या मीकडून हरलं की भयंकर चिडचिड होते आणि जिंकलं तर कौतुक करणार कोण.

एक मात्र आहे, स्क्रीनवरच्या बाईला आपलं मनगट दुखतंय हे कळत नाही, तिच्या नादात मी दोन दिवस कंबर वाकडी करून टिकत होते, तेव्हा दुखलं की सरळ थांबायचं, टीम गेली खड्ड्यात. परवा तसंच झालं, मी पॉज दाबलं, पाणी प्यायले, फोनवर अर्धा तास बोलले, परत येऊन बघते तर ती आपली अजून प्लँकमध्येच. बिचारी.