ग्रहणाचा डाग नव्हे

डिचोलीहून आलेल्या आजींनी दुपट्याची कड बाजूला केली आणि पहिलाच प्रश्न विचारला तो ग्रहणाचा. "डॉक्टर, हिने ग्रहणात सुरी धरली म्हणून तर बायेच्या डोळ्यावर हे उमटलं नाही ना?" सून खाली मान घालून उभी होती.

पोर नऊ आठवड्यांची. डाव्या वरच्या पापणीवर पिकल्या रातांब्याच्या रंगाची फुगीर गाठ, तिच्या भाराने पापणी अर्ध्या बाहुलीवर उतरलेली. बोटाने दाबलं की किंचित फिकी पडे, सोडलं की पुन्हा भरे. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ.

कार्ड उघडलं. जुळ्यातली एक, 32व्या आठवड्यात जन्म, वजन 1,380 ग्रॅम, आईला गरोदरपणात प्री-एक्लॅम्प्सिया. मुलगी असणं, अपुरे दिवस, जुळं, आईचं वाढलेलं बीपी, अशा गाठीची शक्यता वाढवणारं सगळं एकाच कार्डावर. आणि सर्वांत मोठं कारण कमी वजन: जन्माचं वजन 500 ग्रॅमनी घटलं की शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी वाढते. या गाठीच्या पेशींवर ग्लूट-1 नावाचं प्रथिन असतं. तेच वारेच्या रक्तवाहिन्यांवरही सापडतं. "आजी, याचा धागा वारेशी आणि वजनाशी जुळतो, सुरीशी नाही," मी म्हटलं. सुनेने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

तिच्या मोबाइलमध्ये बाराव्या दिवसाचा फोटो होता. पापणीवर फिकट डाग, त्यात सुतासारख्या दोन लाल रेषा. म्हणजे खूण तेव्हाच होती. "आपोआप जाईल" असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पाठीवरच्या लहान गाठीबाबत ते बहुधा खरं ठरतं. पापणीवर तेवढा वेळच नसतो. पाचव्या ते सातव्या आठवड्यात गाठ सर्वांत झपाट्याने वाढते, बाहुली झाकली तर त्या डोळ्याची नजर तयारच होत नाही, आणि नुसत्या दाबानेही डोळ्याला तिरका नंबर येतो. अशी मुलं महिन्याची होण्याआत डॉक्टरांना दिसायला हवीत, याची मला फार तळमळ आहे.

अंगभर शोधलं, आणखी डाग नव्हते. पाच किंवा जास्त असते तर यकृताची सोनोग्राफी करावी लागली असती.

पूर्ण दिवस भरून जन्मलं असतं तर बाळ आज जेमतेम आठवड्याचं असतं, म्हणून प्रोप्रॅनोलॉल, हे गाठ आटवणारं औषध, बाळाला दाखल करूनच सुरू केलं. वजन 2.6 किलो, दिवसाला किलोमागे 1 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, म्हणजे प्रत्येक वेळी 1.3 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान 9 तासांचं अंतर. दूध पाजल्याशिवाय डोस नाही, कारण उपाशीपोटी साखर उतरते. डोसानंतर पहिल्या आणि दुसऱ्या तासाला नाडी आणि बीपी. आईकडून तीन गोष्टी वदवून घेतल्या: उलटी झाली, दूध घेत नाही, छातीत घरघर आहे, तर डोस थांबवायचा आणि फोन करायचा. पावसाळ्यात घरात कुणी ना कुणी खोकत असतंच, त्यामुळे तिसरी गोष्ट दोनदा.

तिसऱ्या दिवशी रंग काळवंडला, गाठ मऊ लागली आणि बाहुलीचा आणखी थोडा भाग उघडा पडला. पुढच्या आठवड्यात डोस दुप्पट, मग वजन वाढेल तसा नवा हिशेब, किमान सहा महिने. नेत्रतज्ज्ञांची तारीख त्याच कार्डावर लिहून दिली.