तुम्ही विचारलंत म्हणून: समोरच्याला टाळणारा बॉक्सर भित्राच असतो का?

"ताई, समोरच्याला टाळणारा बॉक्सर घाबरलेलाच असतो ना?" बॅचमधली मुलं विचारतात, त्यांचे आई-बाबा विचारतात, आणि मोबाइलवर जुन्या लढती बघणारे कॉलेजचे विद्यार्थी तर उत्तर ठरवूनच विचारतात. पुण्यात मुलामुलींना बॉक्सिंग शिकवताना हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

घाबरलेला असतोच असं नाही. मी एवढंच बघते: न लढण्याचं जे कारण तो देतोय ते उद्या दूर झालं, तर तो रिंगमध्ये उतरेल का? उतरणार असेल, तर त्याच्या नकाराला माझा मान आहे. एक कारण मिटलं की दुसरं पुढे येत असेल, तर तो पळतोय.

वजनाचं उदाहरण घ्या. मेक्सिकोचा लुइस नेरी १ मार्च २०१८ला टोकियोत जपानच्या शिन्सुके यामानाकाशी लढणार होता. मर्यादा ११८ पौंड, म्हणजे साडेत्रेपन्न किलो. नेरी काट्यावर उभा राहिला तेव्हा १२३ पौंड भरला. वेळ देऊन पुन्हा वजन केलं तरी १२१. त्याचा किताब तिथेच गेला, पण लढत झाली. आधीच्या वर्षी नेरीनंच यामानाकाला त्याच्या देशात हरवलं होतं, त्यामुळे यामानाकाला ही परतफेडीची लढत सोडवेना. दुसऱ्याच फेरीत ती थांबवावी लागली, तोवर यामानाका पुन्हा पुन्हा खाली गेला होता. त्यानंतर तो निवृत्त झाला. त्यानं त्या दिवशी नाही म्हटलं असतं, तर त्याला भित्रा म्हणणाऱ्याशी मी भांडले असते.

नोव्हेंबर २०१९मध्ये लास व्हेगासला हाच नेरी प्वेर्तो रिकोच्या इमॅन्युएल रॉड्रिगेझसमोर एक पौंड जास्त भरला. एकच पौंड. रॉड्रिगेझ लढला नाही. "अर्ध्या किलोसाठी एवढं?" असं मुलं मला विचारतात.

शेवटचा अर्धा किलो कसा उतरतो ते ज्यानं लढतीसाठी वजन मारलंय, म्हणजे घाईनं उतरवलंय, त्याला विचारा. तो चरबीचा नसतो, पाण्याचा असतो. तोंडाला कोरड, डोकं जड, झोप नाही, जिना चढताना पाय लटपटतात. एकानं हे शेवटपर्यंत सोसलं आणि दुसऱ्यानं मध्येच सोडून दिलं, तर काट्यावर फरक अर्ध्या किलोचा दिसतो, रिंगमध्ये तो त्याहून पुष्कळ मोठा असतो. रॉड्रिगेझनं अगदी बरोबर केलं.

मुठीत काय आहे, हाही असाच प्रश्न. १६ जून १९८३ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुइस रेस्टोच्या ग्लोव्ह्जमधलं पॅडिंग काढून टाकलेलं होतं, हे लढत संपल्यावर कळलं. त्याच्याशी लढलेल्या तरुण बिली कॉलिन्सच्या डोळ्यांना कायमची इजा झाली आणि तो पुन्हा कधी लढला नाही. पुढच्याच वर्षी तो मोटार अपघातात गेला. रेस्टोला तुरुंगवास झाला, पण कॉलिन्सच्या घरच्यांना त्याचा काय उपयोग? २४ जानेवारी २००९ला लॉस एंजेलिसमध्ये मात्र शेन मॉस्लीचे कोच नझीम रिचर्डसन प्रतिस्पर्धी अँटोनियो मार्गारितोच्या, ग्लोव्ह्जच्या आत हाताला बांधायच्या पट्ट्यांवर अडून बसले. त्या पट्ट्यांत प्लास्टरसारखं काहीतरी होतं. त्या काढायला लावल्या, हात नव्यानं बांधले, आणि मगच मॉस्ली रिंगमध्ये आला. नवव्या फेरीत त्यानं मार्गारितोला संपवलं. अट पुरी झाली आणि माणूस लढला. माझ्या दृष्टीनं याहून चांगलं उदाहरण नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर आणि फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ यांच्या लढतीचा. २००९च्या अखेरीस बोलणी रक्ततपासणीवर फिसकटली. मेवेदरला अचानक होणाऱ्या तपासण्या हव्या होत्या, पॅकियाओला लढतीच्या तोंडावर रक्त द्यायचं नव्हतं. अट म्हणून ती चोखच होती. डोक्यावर ठोसे खायचे असतील तर समोरचा औषधांवर नाही याची खात्री हवीच. पण लढत झाली थेट २ मे २०१५ला, मेवेदर ३८चा आणि पॅकियाओ ३६चा असताना. तपासणीचा मुद्दा मिटण्यासारखा असताना एवढी वर्षं गेली, तर ती केवळ तपासणीनं खाल्ली असं मला वाटत नाही. दोन्ही बाजूंना वाट बघणं सोयीचं होतं.

ज्याच्या कमरेला चॅम्पियनचा पट्टा आहे, त्याला मी वेगळ्या मापानं मोजते. पट्टा नसलेल्यानं कुणाशी लढावं हा त्याचा प्रश्न. चॅम्पियनच्या मागे मात्र रांग उभी असते आणि रांगेतल्या पहिल्याचा त्या पट्ट्यावर हक्क सांगायचा अधिकार असतो. गोरा हेवीवेट चॅम्पियन जिम जेफ्रीजनं किताबासाठी कृष्णवर्णीय बॉक्सर्सना उभंच केलं नाही आणि १९०५मध्ये तो अपराजित निवृत्त झाला. कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनला त्या किताबासाठी तेव्हाच्या चॅम्पियनच्या, टॉमी बर्न्सच्या मागे सिडनीपर्यंत जावं लागलं. २६ डिसेंबर १९०८ला तो त्यानं मिळवला. वाईट याचं वाटतं, की चॅम्पियन झाल्यावर खुद्द जॉन्सननं कृष्णवर्णीयच असलेल्या सॅम लँगफर्डला संधी दिली नाही. पुढे गोरा चॅम्पियन जॅक डेम्प्सीच्या काळात कृष्णवर्णीय हॅरी विल्स वर्षानुवर्षं दारात उभा राहिला, ती लढत झालीच नाही. माणसाची कातडी हे कारण कधी दूर होणार? अशा नकाराला कसलंच समर्थन नाही.

हेवीवेट चॅम्पियन रिडिक बोनं डिसेंबर १९९२मध्ये लंडनला आपला एक पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला, कारण त्यासाठी लेनॉक्स लुइसशी लढावं लागणार होतं. याच लुइसनं त्याला १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत हरवलं होतं. पट्टा सोडला हे एका अर्थी प्रामाणिकपणाचं, पण लढला नाही हे खरंच.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोमला चाचणीशिवाय, म्हणजे निवडीची लढत न घेता, पाठवायचा बॉक्सिंग महासंघाचा विचार होता. निखत झरीननं थेट क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून चाचणी मागितली. डिसेंबर २०१९मध्ये दिल्लीत ती झाली, निखत ९-१नं हरली. हरली तरी तिची मागणी योग्यच होती. सहा वेळा विश्वविजेती असणं हे मोठंच आहे, पण त्यानं पुढच्या मुलीची लढत रद्द होत नाही. २०२२मध्ये इस्तंबूलला निखत स्वतः विश्वविजेती झाली.

कमकुवत प्रतिस्पर्ध्याला टाळावं का, हे मात्र मला कुणीच विचारत नाही. १९४७मध्ये चॅम्पियन शुगर रे रॉबिन्सनला लढतीआधी स्वप्न पडलं, की आपल्या हातून प्रतिस्पर्धी जिमी डॉइल मरतोय. त्यानं माघार घ्यायचं म्हटलं, लोकांनी समजूत घालून त्याला उभं केलं. डॉइलला आधीच्या एका लढतीत डोक्याला जबर मार बसलेला होता. रॉबिन्सनच्या ठोशानंतर तो शुद्धीवर आला नाही. स्वप्नाचं सोडा, डॉइलच्या डोक्याचा इतिहास माहीत असताना ती लढत लागायलाच नको होती. तिथे नकार देणारा रॉबिन्सन मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठा वाटला असता.

मुलांच्या स्पर्धांत मला हीच काळजी असते. आपल्या जत्रेतल्या कुस्तीत पंच अंगयष्टी आणि तयारी बघून जोड लावतात. तोडीस तोड नसेल तर कुस्ती लागत नाही, आणि त्यावरून कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही. आमच्याकडे ड्रॉ निघतो, म्हणजे चिठ्ठ्या काढून जोड्या ठरतात. त्यात वय आणि वजन बघतात, पण कोण किती वर्षं शिकतंय याला त्यात जागा नसते. पुण्यात लष्करामुळे बॉक्सिंग मुरलेलं आहे. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी मुलं सकाळ-संध्याकाळ हेच करतात. पेठेतून क्लास सांभाळून येणारी, चार-सहा महिनेच शिकलेली मुलगी तशा तयारीच्या मुलीसमोर आली, तर मी वॉकओव्हर देते, म्हणजे न लढताच सामना सोडते. पालक म्हणतात, "मॅडम, लोक काय म्हणतील? तिला एकदा उभं तरी करा." नाही करत. डोक्याला मार लागून नॉकआउट झालेल्याला किमान ३० दिवस रिंगपासून लांब ठेवायचा नियम आहे, तो उगाच केलेला नाही. बारा-चौदा वर्षांच्या डोक्यानं अनुभव म्हणून मार खाऊ नये.

पण माघार घेतली की कारण मी वहीत लिहिते, तिच्यासमोर, तिच्या आई-बाबांसमोर: डावा हात खाली पडतो, मागे सरळ रेषेत जाते, दुसऱ्या राउंडला दम संपतो. मग पुढचा हंगाम त्यावर घालवतो. ते सुधारलं की त्याच वजनात तिची एन्ट्री जाते, समोर तीच मुलगी असली तरी. आणि तेव्हा तिनं "नको ताई" म्हटलं, तर वही उघडून मी तिला विचारणार: आता कारण काय?