अपलोड अडकतं तेव्हा शेजारचा फोन काय करू शकतो

रेंजचे दांडे फुल, व्हिडिओ मस्त चालतोय, आणि फोटो पाठवायला गेलं की चक्र फिरत बसतं. हे होतं कारण ते दांडे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलचे असतात, आपलं बोलणं टॉवरपर्यंत पोचतंय का ते त्यात कळतच नाही. टॉवर कित्येक वॅटने बोलतो, आपला फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॅटच्या आसपास.

त्यात फेडिंग! भिंतींवर आपटून आलेल्या लाटा कधी एकमेकींना मारून टाकतात, 2 गिगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ 15 सेंटीमीटर, म्हणजे फोन वीतभरही हलवायला लागत नाही, तेवढ्यात सिग्नल गायब होऊ शकतो. सगळ्या लाटा इकडेतिकडे आपटूनच येतात तेव्हाच्या फेडिंगचं, म्हणजे रेले फेडिंगचं, गणित बघा, पॉवर 10 पट केली तर लिंक तुटायची शक्यता साधारण 10 पटच कमी होते, आणि बॅटरीवाल्याने 10 पट पॉवर आणायची कुठून?

पण आपण पाठवलेलं शेजारच्या फोनलाही ऐकू जातंच ना, ते फुकट वाया जातं. त्यानेही ते टॉवरला पाठवलं तर वाटा दोन झाल्या, आणि दोन्ही एकाच वेळी खराब असणं अवघड, त्यामुळे तीच 10 पट पॉवर आता लिंक तुटायची शक्यता जवळपास 100 पट कमी करते. संशोधक सेंडोनारिस, एर्किप आणि आझांग यांचे 2003 चे पेपर आणि लेनमन, त्से, वॉर्नेल यांचा 2004 चा पेपर यावरच आहेत.

आता शेजाऱ्याने ऐकलेलं नुसतं मोठं करून पाठवलं तर नॉइजही, म्हणजे त्यात मिसळलेली खरखरही, मोठी होते. आधी डिकोड करून, म्हणजे मूळ मजकूर ओळखून नव्याने, पाठवणं जास्त स्वच्छ वाटतं, पण कायम तसंच करायचं ठरवलं तर जिथे शेजाऱ्यालाच नीट ऐकू आलं नाही तिथे सगळं फसतं आणि दुसऱ्या वाटेचा फायदाच जातो, म्हणून नीट डिकोड झालं तरच पुढे पाठवायचं. मला सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे टॉवरने एका बिटमध्ये सांगायचं, मिळालं की नाही, आणि नाही म्हटलं तरच शेजाऱ्याने तोंड उघडायचं, नाहीतर दरवेळी दुप्पट वेळ जातो.

खरी अडचण गणिताची नाहीच, बॅटरीची आहे, अनोळखी माणसाच्या फोटोसाठी माझी बॅटरी का जाळू? म्हणून आधी टॉवरच एकत्र आले, एलटीईच्या (4जीच्या) नियमावलीच्या रिलीज 11 या आवृत्तीत अनेक टॉवरनी मिळून एकाच फोनचं ऐकायची सोय आली. डिव्हाइसमार्फत रिले, म्हणजे एका फोनचं दुसऱ्याने पुढे पोचवणं, 5जीच्या रिलीज 17 मध्ये आहे, पण माझ्या मते ते आधी चालेल ते घड्याळ आणि फोनच्या जोडीत, जिथे दोन्ही बॅटऱ्या एकाच माणसाच्या असतात.