तुम्ही विचारलंत म्हणून: पंकसाठी पेडल कोणतं घ्यावं?

"भाऊ, पंक वाजवायचंय, पेडल कोणतं घेऊ?" जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची पोरं हे मला हमखास विचारतात. पंक म्हणजे वेगवान, रांगडं रॉक, आणि पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा, पायाने चालवायचा डबा. डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज फाडणारं, एकच साधं पेडल घ्या आणि उरलेले पैसे कॅब सिम्युलेटर (ॲम्पच्या स्पीकरची नक्कल करणारा डबा) व पॉवर सप्लायसाठी ठेवा, हे माझं उत्तर.

रामोन्स या अमेरिकन पंक बँडचा गिटारवादक जॉनी रामोन पेडल न लावता वाजवायचा, मग आम्हाला कशाला, असंही काही जण म्हणतात. त्याची मोसराइट गिटार सरळ मार्शल ॲम्पमध्ये जायची आणि ॲम्प इतका चढवलेला असायचा की आवाज तिथेच फाटायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा मंडळाच्या स्टेजवर असा ॲम्प कुठून येणार? साउंडवाला मिक्सरची वायर हातात देतो, बस. म्हणजे ॲम्प आणि त्याचा स्पीकर, दोघांचं काम तुमच्या पायाखालच्या डब्यांनी करायचं.

त्यात स्पीकरचं काम सगळे विसरतात. गिटार ॲम्पचा 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येऊ देत नाही. मंडपातले टॉप, म्हणजे साउंडवाल्याचे मोठे स्पीकर, मात्र सगळंच वाजवतात. त्यामुळे डिस्टॉर्शन थेट मिक्सरला दिलं की आग्या मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो. साउंडवाला घाबरून ट्रेबल उतरवतो आणि गिटार घोंगडीखाली जाते. कॅब सिम्युलेटर वरचा तेवढाच भाग नीट कापतो. तो साखळीत सगळ्यात शेवटी लावायचा. त्याला बॅलन्स्ड आउटपुट असलेलं बघून घ्या, म्हणजे मिक्सरपर्यंतच्या लांब वायरीत गुणगुण शिरत नाही.

आता पेडल. बॉस कंपनीचं डिस्टॉर्शन पेडल डीएस-1 हे 1978 पासूनचं, त्यांचंच ओव्हरड्राइव्ह (मऊ डिस्टॉर्शन) पेडल एसडी-1 हे 1981 चं. डीएस-1 मध्ये सिग्नलचा माथा डायोड सरळ छाटून टाकतात, म्हणून आवाज खरखरीत आणि कडक येतो. एसडी-1 मध्ये हेच डायोड ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये बसवलेले असतात, त्यामुळे कड मऊ राहते. आधीच तापलेल्या ॲम्पला ढकलायला ते छान, पण कोऱ्या मिक्सरसमोर एकटं कमी पडतं. आपल्या परिस्थितीत डीएस-1 किंवा रॅट नावाचं डिस्टॉर्शन पेडल घ्या. रॅटचा फिल्टरचा नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो. हे माहीत नसलं की लोक पेडललाच नावं ठेवतात.

डीएस-1 चे नॉब घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतो: डिस्ट (डिस्टॉर्शन) 10 वर, टोन 9 ते 10 च्या मध्ये, लेव्हल 12 वर. नवीन पोरं डिस्ट पार शेवटापर्यंत फिरवतात. घरी एकट्यानं वाजवताना ते भारी वाटतंच. पण डिस्टॉर्शन जितकं जास्त, तितका जोराचा आणि हलका फटका एका पातळीवर येतो. पंकची सगळी जान खाली मारलेल्या झपाझप फटक्यांत असते, तेच एकमेकांत विरघळून नुसता घरघराट उरतो. शिवाय गिटारच्या पिकअपमधली गुणगुणही त्याच पटीत वर येते. ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार सापडत नाही, कारण डीएस-1 चा टोन 500 हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. साउंडवाल्याला 700-800 हर्ट्झ थोडं वर करायला सांगा. एसडी-1 ही असेल तर ते डीएस-1 च्या आधी लावा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल घड्याळातल्या 2 वर. खालचा फुगवटा कमी होतो, मधला भाग पुढे येतो, पाम म्यूट, म्हणजे तळहात तारांवर टेकवून मारलेला फटका, घट्ट वाजतं.

पूर्ण कॉर्ड का गढूळ वाजते, हेही यातच आलं. पॉवर कॉर्ड म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच; या दोन स्वरांचं प्रमाण 2 ला 3 असतं; डिस्टॉर्शनमध्ये त्यांच्या फरकातून 1 तयार होतो, म्हणजे मूळ स्वराचाच खालचा सप्तक. आवाज आपोआप जाड होतो. मधला गंधार घातला की असे नको ते स्वर बरेच जन्मतात.

सगळ्यात जास्त पेडलं मरतात ती ॲडॉप्टरमुळे. बहुतेक पेडलला 9 व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या आत मायनस. दुकानात सहज मिळणारा सीसीटीव्हीचा ॲडॉप्टर 12 व्होल्टचा, आत प्लस, आणि पिन मात्र तंतोतंत बसते. लावण्याआधी दोन्हीवरचं वर्तुळाचं चिन्ह जुळवून बघा. साधं ॲनालॉग पेडल 5 ते 20 मिलिॲम्पिअर खातं, डिजिटल कॅब सिम्युलेटर 100 ते 300. दोघांना एकाच फाटे फोडलेल्या वायरीवर ठेवलं की बारीक शिट्टी ऐकू येते, म्हणून डिजिटलला वेगळा ॲडॉप्टर द्या. बॅटरीवर चालवत असाल तर काम झाल्यावर इनपुटची पिन काढा. ती आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते.

मंडपात लाइटिंगच्या माळा आणि डिमर ज्या बोर्डावर आहेत, तिथून पॉवर घेऊ नका, घरघर तिथूनच येते. गुणगुण थांबवायला काही जण थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका. हात तारांवर आणि ओठ माइकवर असताना शॉक लागला तर जीव जाऊ शकतो. वाजवण्याआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून तारा आणि माइकची जाळी यांच्यात मोजा. पाचेक व्होल्टच्या वर आकडा दिसला तर इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग बघेपर्यंत थांबा. गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डब्यावर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, त्याला धोका नाही.

पेडलं बसवायच्या बोर्डासाठी 12 मिलिमीटरचं प्लायवूड पुरतं. पेडलं वेल्क्रोवर चिकटवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीत ठेवलेल्या बोर्डाचा गोंद पातळ होतो आणि पेडल घसरतं. प्लायला भोकं पाडून झिप टायने बांधा.

ऐन कार्यक्रमात आवाज गेलाच, तर सगळ्या पिना उपसत बसू नका. गिटारची केबल सरळ शेवटच्या डब्यात, म्हणजे कॅब सिम्युलेटरमध्ये लावा. आवाज आला तर दोष आधीच्या पेडलांत किंवा त्यांच्यामधल्या छोट्या पॅच केबलमध्ये. तिथून एकेक पेडल मागे जात जोडत चला. बहुतेक वेळा पॅच केबलच्या पिनेपाशी सोल्डर तुटलेलं निघतं, म्हणून दोन जादा पॅच केबल जवळ ठेवा. तुटलेली फेकू नका, लग्नाच्या बँडचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर ती पाच मिनिटांत जोडून देतो.