तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिनवाल्याच्या हातात पुस्तक कसं आलं

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. वर्कशॉपमध्ये नवीन माणूस आला की आधी उघडून ठेवलेल्या इंजिनाकडे बघतो आणि मग पान्यांच्या फळीवरच्या पुस्तकांकडे. "ही तुमची?" विचारताना त्याचा आवाज जरासा बदलतो. जुने ओळखीचे सरळ विचारतात, "धडा वाचायची पाळी आली की तुझ्या पोटात दुखायचं. हे वाचायचं-लिहायचं खूळ आलं कुठून?" हल्ली आईबापही विचारतात, पण त्यांच्या मनात स्वतःचं पोर असतं. तर एकदा नीट सांगतो.

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ. घरात मालवणी, गल्लीत मालवणी, देवाशी भांडायचं तेही मालवणीत. पुस्तकातली माणसं मात्र भलतंच बोलायची. वर्गात मोठ्याने वाचताना "होईल"च्या जागी माझ्या तोंडून "होतला" निघायचं आणि बाकं हसायची. मास्तर थांबवून दुरुस्त करायचे, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचे. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. मग मी वाचणंच सोडलं.

गोष्टींचं मात्र मला वेड होतं. जत्रांचे दिवस आले की दशावतार बघायला रात्र रात्र जागायचो. आमच्याकडच्या दशावताराला छापलेली संहिता नसते, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. आख्यान कुठलं आणि कोण काय होणार एवढं आधी ठरतं, बाकी राजाचा संताप आणि राणीचा विलाप नट तिथल्या तिथे रचतात. पखवाज नि पायपेटी त्यांना सांभाळून घेतात. दुसऱ्या दिवशी त्यातली अर्धी भाषणं मी पोरांना म्हणून दाखवायचो, तीही चांगल्या पुस्तकी मराठीत, कारण दशावतारातले राजे तसंच बोलतात! म्हणजे ती भाषा मला येत होती. फक्त कागदावर दिसली की दातखीळ बसायची.

ती सुटली एका पावसाळ्यात. पावसात मासेमारी बंद असते. आता सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै; तेव्हा आमच्यासाठी हंगाम नारळी पौर्णिमेला सुरू व्हायचा. तोवर पुरुष माणसं ओटीवर बसून जाळी शिवायची आणि आजी पोथी लावायची. श्रीधर कवींचा 'पांडवप्रताप', म्हणजे ओव्यांतलं महाभारत, 1712 सालचा, 64 अध्यायांचा. एक शेजारी वाचायचे, त्यांना त्या वर्षी मोतीबिंदूमुळे दिसेना. आजीने मला धरून पाटावर बसवलं.

जुन्या पोथीत परिच्छेद नाहीत, अवतरणचिन्हं नाहीत. ओवीमागून ओवी, मध्ये दंड आणि आकडा. मी अडखळत होतो. पण माझ्या उच्चारांवरून ओटीवर कोणी हसलं नाही. तिथे तक्रार एकच, वेगाची. एखाद्या जोडाक्षरापाशी अडलो की जाळ्यातून मान वर न करता कोणीतरी ओरडायचं, "थांबलंस कित्याक रे? फुडे काय झाला?" भीमाने गदा उचललेली आणि मी 'ष्ट' की 'ष्ठ' यात अडकलेलो. शाळेत माझं वाचन तपासायला लोक बसलेले असायचे. इथे ते भीमासाठी बसले होते, मी कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ही मोकळीक मला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

ओरडा खायला नको म्हणून मी उद्याचा अध्याय आदल्या रात्रीच चोरून वाचायला लागलो. एकट्याने, मनातल्या मनात, कोणी न सांगता केलेलं हे माझं पहिलं वाचन. खरा फायदा नंतर लक्षात आला: पुढे काय होणार हे ओटीवर फक्त मला ठाऊक असायचं. मग मुद्दाम अडखळायचो.

पोथी संपली आणि वाचायला काही उरलं नाही. घरात दुसरा छापील कागद म्हणजे 'कालनिर्णय'. आमच्या मालवणच्याच जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये काढलेलं. त्याच्या पानामागे लेख असतात, पण ते वाचायला कॅलेंडर खिळ्यावरून काढावं लागतं. आजीला नेमकी तेव्हाच संकष्टी बघायची असायची. त्या खिळ्यावरून आमची बरीच भांडणं झाली. पाककृतींपासून राशिभविष्यापर्यंत सगळं वाचलं. अजूनही डिसेंबरात नवीन कॅलेंडर आलं की मी आधी उलटं धरतो.

मग डिझेल मेकॅनिकच्या कोर्ससाठी रत्नागिरीला आयटीआयत गेलो. खोली गळायची, म्हणून संध्याकाळी जिल्हा नगर वाचनालयात जाऊन बसायचो. 1828 साली सुरू झालेलं हे वाचनालय, पण मला त्याच्या वयाचं कौतुक नव्हतं. पंखा होता आणि वर्तमानपत्रं फुकट होती. तिथल्या एका गृहस्थांनी गाव विचारलं आणि जयवंत दळवींचं एक पुस्तक पुढे सरकवलं. दळवी आरवलीचे. आरवली आमच्या तालुक्यात, वेतोबाची. देवाला भल्यामोठ्या चपला वाहतात तीच. पुस्तकात माणसं चक्क मालवणीत बोलत होती, छापील मालवणीत, आणि त्यांना कोणी दुरुस्त करत नव्हतं. मी मोठ्याने हसलो आणि शेजारी पेपर वाचणाऱ्याने माझ्याकडे डोळे वटारले.

लिहिणं त्यामानाने सरळ आलं. धंद्यात वही लागते: कुठल्या बोटीचं काम, नोझल बदललं की हेडचं गॅस्केट, किती उधारी. इंजिन उघडून बसलं की बोटीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, समोर बसतो आणि बोलायला लागतो. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, पूर्वी किती माणसं लागायची, कोणाचं जाळं कुठल्या खडकावर फाटलं. ते उधारीच्या बाजूला टिपत गेलो. पुढे टिपणांना वेगळी वही करावी लागली, कारण हिशेब सापडेना. आजही काही लिहिलं की आधी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवतो. ऐकणारे मोबाइलकडे वळले की तो भाग काढतो. समीक्षक म्हणून खलाशी फार कडक.

आईबापांचं म्हणाल तर 'संस्कारक्षम' असं कव्हरवर लिहिलेलं पुस्तक पोराला आणू नका. मी पोर असतो तर उघडलं नसतं. पोर गोष्टी नुसत्या ऐकतं, हे खरं वाचन का, असंही विचारता. श्रीधरही अध्याय संपवताना सज्जनांना ऐकाच म्हणतात. पोराला घरातल्या कोणासाठी तरी वाचायला बसवा, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही किंवा ज्याचे हात कामात अडकलेत अशा कोणासाठी. आणि मध्ये उच्चार सुधारू नका.

राहिला प्रश्न, पुस्तक कधी काढणार. मे महिन्यात बोटी वर येतात आणि सगळ्यांना पावसाआधीच इंजिन तपासून हवं असतं, तेव्हा लिहिणं शक्य नाही. रापणीवरचं झालंय. बर्फाच्या कारखान्यांवरचं अर्धं आहे. उधारी वसूल झाली तर छपाईचं बघू.